घरात कुणी आजारी असेल तर फादरना केव्हा आणि कसं बोलवायचं

आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करायची, हा आम्हा कॅथलिकांचा आजाऱ्यांच्या अभ्यंगाचा संस्कार. पण फादर तेल घेऊन घरी आले म्हणजे माणूस चालला, ही भीती आमच्या बेळगाव-खानापूर भागातल्या घरांत अजून घट्ट बसलीय. म्हणून लोक थांबतात. डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हटलं की मग रात्री-अपरात्री पॅरिशला, म्हणजे आपल्या चर्चला, फोन. तोवर फादर आलेत हेही आजाऱ्याला कळत नसतं. मी पॅरिशच्या वतीने आजाऱ्यांच्या घरी जाते, आणि प्रत्येक घरी कळकळीने एकच सांगते: लवकर बोलवा.

लवकर म्हणजे कधी? मोठं ऑपरेशन ठरलं की ॲडमिट व्हायच्या आधी. कॅन्सर, किडनी, हृदयाचं गंभीर दुखणं निघालं की तेव्हाच. म्हातारपणाने अंग फार थकलं असेल तर दुसरा आजार नसला तरी. सर्दी-तापाला नको. हा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) 1963 मध्येच सांगितलंय. बरा झालेला माणूस पुन्हा गंभीर आजारी पडला, किंवा त्याच दुखण्यात आणखी ढासळला, तर पुन्हा घेता येतो.

फोनवर फादरना चार गोष्टी सांगा: आजारी शुद्धीवर आहे का, गिळता येतं का, कन्फेशन (फादरजवळ पापांची कबुली) करायचंय का, आणि तो प्रार्थना कुठल्या भाषेत करतो. ही शेवटची गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची. फादर कन्नड बोलतात, सून मराठी, आणि आजी लहानपणापासून कोंकणीत रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणत आलेली. दुखण्यात माणसाच्या तोंडी लहानपणीची भाषा येते. आधी कळलं तर फादर त्या भाषेतलं पुस्तक घेऊन येतील. पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडच्या गावांत रात्री गाडी नेणं कठीण, तेव्हा उजेडीच बोलवा.

खोलीत फार काही लागत नाही. स्टूलावर पांढरं धुतलेलं कापड, क्रूस, मेणबत्ती, थोडा कापूस, पेल्यात पाणी आणि चमचा. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती अजिबात पेटवू नका. टीव्ही बंद, मोबाइल बाहेर. शेजारची हिंदू मंडळी पाहायला आलेली असतील तर त्यांना उठवू नका, बसू द्या. कन्फेशन असेल तेवढा वेळ मात्र सगळ्यांनी, अगदी मुलांनीही, बाहेर जायचं आणि दार ओढून घ्यायचं.

मग फादर काही न बोलता आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवतात. ही शांतता आपल्याला सोसत नाही, कुणीतरी लगेच ‘नमो मरिये’ ही प्रार्थना सुरू करतं. करू नका. त्यानंतर कपाळावर आणि दोन्ही हातांवर तेल. माझ्या आत्याला अर्धांगवायू झाला तेव्हा तिची उजवी मूठ आवळलेली होती. मी एकेक बोट उलगडून धरलं, फादरनी तळव्यावर अंगठ्याने क्रूस काढला, आणि तिने दुसऱ्या हाताने माझं मनगट पकडलं. बोलता येत नव्हतं तिला, पण सगळं कळत होतं. म्हणूनच शुद्ध असताना बोलवा म्हणते. हाताला सलाईन असेल तर फादर तेवढी जागा सोडतात. अगदीच अडचण असली तर एकट्या कपाळावर लावलेलंही पुरतं.

कोम्युनियन (पवित्र भाकर) घेताना गिळायला त्रास होत असेल तर अगदी छोटा तुकडा आणि चमचाभर पाणी. आजाऱ्याला, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांनाही, आधीच्या तासाभराच्या उपवासाची अट नाही.

आता गोळ्यांबद्दल. प्रार्थनेनंतर इन्शुलिन किंवा बीपीची गोळी बंद करा, असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठा प्रार्थना करणारा असो. आपल्याच बायबलमध्ये बेन सिराच्या पुस्तकात 38व्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितलंय, औषध देवानेच जमिनीतून दिलंय असं म्हटलंय, आणि प्रार्थनाही करायला सांगितलीय. रिट्रीटहून (प्रार्थना शिबिराहून) आणलेली तेलाची बाटली घरात असेल तर ती या संस्काराच्या जागी धरू नका. संस्काराचं तेल बहुधा पवित्र आठवड्याच्या सुमारास बिशप आशीर्वादित करतात आणि ते फक्त धर्मगुरूच लावू शकतात.

बरं वाटलं नाही तर ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं आजाऱ्याला कधीही म्हणू नका. हे मी घराघरांतून ऐकलंय आणि दर वेळी मला संताप येतो. जन्मांध माणसाबद्दल ‘पाप कुणाचं?’ असं शिष्यांनी विचारलं, तेव्हा येशूने उत्तर काय दिलं ते योहानाच्या 9व्या अध्यायात वाचा. या संस्कारातून बळ मिळतं, मन शांत होतं, पापांची क्षमा होते. देवाची इच्छा असेल तर शरीरही बरं होतं. यातलं काहीही आजाऱ्याच्या लायकीवर तोलून मिळत नाही.

माणूस गेल्यावर तेल लावत नाहीत, मृतासाठी वेगळी प्रार्थना असते. पण प्राण गेलाय की नाही याचीच शंका असेल तर संकोच न करता फोन करा, फादर येऊन संस्कार देतात.

11 फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणाला, आजाऱ्यांचा जागतिक दिवस असतो. त्या दिवशी तुमच्या चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) असेल तर आदल्या रविवारीच नाव देऊन ठेवा, आणि ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्यासाठी बाजूच्या दारापर्यंत रिक्षा आणायला सांगा.