उन्हाळी कामांत पाठीचा कणा सांभाळा: नाशिक जिल्ह्यासाठी एप्रिल-मेचा सल्ला

द्राक्षाची खरड छाटणी उरकत आली की निफाड, दिंडोरी, चांदवडच्या शिवारात सगळे हात उन्हाळ कांद्याकडे वळतात. चाळी भरायच्या असतात, पोल्ट्रीच्या छपरावर उसाचे पाचट टाकायचे असते, विहिरींचा गाळ काढायचा असतो. पेठ-सुरगाण्याकडे आंबे उतरवायचे असतात आणि पावसाआधी घरावरची कौले फेरायची असतात. यातल्या बहुतेक कामांत माणूस जमीन सोडून वर चढतो नाहीतर खोल उतरतो. म्हणून या दोन महिन्यांत पिकाइतकीच स्वतःच्या पाठीची काळजी घ्या.

भारतात मज्जारज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या नसांच्या दोरीला, इजा होण्याची दोन मोठी कारणे आहेत: उंचावरून पडणे आणि रस्त्यावरचे अपघात. खेड्यापाड्यांत पडण्याचेच प्रमाण मोठे. जगात दरवर्षी अडीच ते पाच लाख लोकांना अशी इजा होते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सांगितले होते. तिच्याच अलीकडच्या आकडेवारीनुसार आज दीड कोटीहून जास्त माणसे अशा इजेसह जगत आहेत. पुरुषांत विशीतली मुले आणि सत्तरी ओलांडलेले यांना धोका जास्त. म्हणजे घरातला सर्वांत कामाचा गडी आणि घरातले आजोबा.

मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड असतो. मणका मोडला तर तो सांधता येतो, पण आतला रज्जू तुटला की पुन्हा जुळत नाही. मानेत रज्जूला मार बसला तर हात-पाय दोन्ही जाऊ शकतात. उंचावरून पायांवर किंवा बुडावर आपटले की बहुधा शेवटच्या बरगडीखालचा मणका दबतो. मग पाय लुळे पडतात, लघवी-संडासवरचा ताबा जातो. त्यासाठी माडाएवढ्या उंचीवरून पडावे लागत नाही, दहा-बारा फूट पुरतात.

आता छपराचे बघू, कारण ऊन वाढले की पाचट टाका, चुना मारा असे आम्हीच सांगतो. सिमेंटचा पत्रा वरून धडधाकट दिसतो, पण चार-पाच उन्हाळे-पावसाळे खाल्लेला पत्रा माणसाचा पाय पडला की इशारा न देता फुटतो. जिथे बोल्टची ओळ दिसते तिथे खाली लोखंडी पाइप किंवा वासा असतो. दोन ओळींच्या मधे नुसता पत्रा. तिथे कधीही पाय ठेवू नका. दोन-तीन पाइपांवर टेकेल एवढी लांब, रुंद फळी आडवी टाका आणि फळीवरूनच चाला. त्याहून बरे म्हणजे वर न जाताच, लांब बांबूच्या आकडीने पाचट सरकवा. शिडीचा पाय दर चार फूट उंचीला भिंतीपासून एक फूट लांब या हिशेबाने लावा, वरचे टोक बांधा, खाली एक माणूस धरून उभा ठेवा.

आंबा झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने उतरवा. शेंड्याच्या दोन कैऱ्यांसाठी बारीक फांदीवर पोराला चढवू नका. विहिरीत उतरणाऱ्याला हेल्मेट द्या आणि यारीची (गाळ वर ओढणाऱ्या यंत्राची) बादली भरून वर जात असेल तेव्हा तिच्याखाली कोणी उभे राहू नये. रस्त्याकडेच्या विहिरीला कठडा नसेल तर निदान काटेरी कुंपण घाला. कांद्याची गोणी डोक्यावर घेऊन चाळीच्या फळीवर चढताना पाय घसरला तर सगळा भार मानेवर येतो. गोणी दोघांनी उचला.

ट्रॅक्टरचा मडगार्ड ही बसायची जागा नाही. ट्रॉली ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ओढपट्टीलाच जोडा. त्याहून वर जोडली की चढावर पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर दीड-एक सेकंदात मागे उलटतो. लासलगाव, पिंपळगावला रात्री माल नेताना ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर हवाच. आणि पिकअपमध्ये उभ्याने कोंबून मजूर आणणे बंद करा, त्या बायाबापड्यांच्या जिवाची जबाबदारी मालकावरही आहे.

एवढे करूनही कोणी पडलेच तर पुढची दहा मिनिटे फार मोलाची असतात. आपल्याकडे माणूस पडला की चौघे धावतात, काखेत हात घालून बसवतात, पाणी पाजतात आणि दुचाकीवर मधे बसवून दवाखाना गाठतात. मोडलेला मणका तेव्हा सरकतो आणि वाचलेला रज्जूही चेचला जाऊ शकतो. आधी त्याला पडल्या जागी तसेच राहू द्या. पायाची बोटे हलतात का, स्पर्श कळतो का, मान-पाठ दुखते का, विचारा. १०८ ला फोन करा. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके-मान सरळ धरावी. हलवणे भागच असेल तर तिघांनी मिळून डोके, खांदा, कंबर एकाच रेषेत ठेवून कुशीवर वळवा आणि दाराची फळी किंवा रुंद पाट खाली सरकवा. उलटी होत असेल तरी असेच कुशीवर घ्या. खिशातला मोबाइल, किल्ल्या काढा. बधिर अंगाला त्या रुतलेल्या कळत नाहीत आणि तिथे जखम होते.

वयस्कर माणूस बांधावर नुसता तोंडावर पडला आणि नंतर हातात जोर राहिला नाही, तर मुका मार म्हणून तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी मानेची तपासणी करून घ्या.

अपघातात मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाखांपर्यंत मदत मिळते. सातबारा आणि अपघाताची कागदपत्रे घेऊन ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. घरचे सगळे दवाखान्यात अडकलेले असतील, तेव्हा हे काम शेजाऱ्याने किंवा भावकीतल्या कोणीतरी अंगावर घ्यावे.