दुसरी कार घेण्याआधी

कापसाचे पैसे हातात आले की घरात दुसऱ्या कारचा विषय निघतोच. घाई करू नका. आधी महिनाभर वहीत लिहा: एकाच वेळी दोन दिशांना कार लागली, असं कितीदा झालं? वावरात जायला दुचाकी पुरते, त्या फेऱ्या यात मोजू नका. लग्नसराईत भाड्याची गाडी परवडते.

कार नुसती उभी असली तरी खर्च सुटत नाही. थर्ड पार्टी विमा भरावाच लागतो, बॅटरी उतरते, आणि कुटाराच्या ढिगाजवळ लावली तर उंदीर वायरिंग कुरतडतात, हे नक्की धरून चाला.

घरात बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल तर आहे ती कार रात्री घरीच ठेवा, टाकीत तेल असू द्या. मोफत रुग्णवाहिकेचा 108 नंबर पोरांनाही पाठ करवा.