माशातली पेशी कशाने मेली? उत्तर लिहिण्याआधी या चुका टाळा

स्लाइडवर तपकिरी ठिपके दिसले की नव्या माणसाचा हात आधी वहीकडे जातो. माझाही गेला होता. जिवाणूंचा संसर्ग दिलेल्या माशांच्या प्लीहेचे छेद होते आणि मरणाऱ्या पेशी तपकिरी दिसाव्यात असा रंग दिलेला होता. दुपारभर मान मोडून मोजणी केली. संध्याकाळी कंट्रोलची स्लाइड लावली, जिच्यावर अँटिबॉडी टाकलीच नव्हती, तर तिथेही तेच ठिपके! तो रंग आमच्या डीएबीचा (अँटिबॉडी बसली तिथे तपकिरी उमटणाऱ्या द्रव्याचा) नव्हता, माशाचा स्वतःचा होता.

माशांच्या प्लीहेत आणि मूत्रपिंडात मेलॅनोमॅक्रोफेज केंद्रं असतात, म्हणजे रंगद्रव्यं पोटात साठवून बसलेल्या मॅक्रोफेज (जंतू आणि कचरा गिळणाऱ्या) पेशींचे पुंजके. त्यांत मेलॅनिन, लिपोफ्युसिन (पेशीत साचत जाणारा कचरा) आणि जुन्या रक्तपेशींतलं लोह असतं. वय, उपासमार, आजारपण यांनी हे पुंजके वाढतात. म्हणून संसर्ग झालेल्या गटात ते जास्तच दिसणार आणि आकडे हवे तसे जुळून येणार. फसगत होते ती इथे. प्रत्येक ऊतीची एक स्लाइड काहीही न रंगवता आधी बघून घ्या. मेलॅनिन हायड्रोजन पेरॉक्साइडने फिकं करता येतं, नाहीतर तपकिरीऐवजी लाल उमटणारं द्रव्य वापरा. फ्लुरोसन्सकडे पळून सुटका नाही, कारण लिपोफ्युसिन स्वतःच चमकतं. त्यात ही केंद्रं म्हाताऱ्या रक्तपेशी गिळत असतात आणि माशांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं. त्यामुळे त्यांचा तुटलेला डीएनए टनेल (डीएनएच्या तुटक्या टोकांना रंग देणाऱ्या) चाचणीत ठणठणीत माशातही उजळू शकतो.

तांबड्या पेशी आणखी एका ठिकाणी नडतात. पेशी फुटल्या की एलडीएच हे आतलं विकर बाहेर पडतं, ते मोजून मरणाचा अंदाज घेतला जातो. पण हेड किडनीतून (मूत्रपिंडाच्या पुढच्या, रक्तपेशी बनवणाऱ्या भागातून) पेशी काढताना तांबड्या पेशी मागे राहिल्या आणि जिवाणूच्या हिमोलायसिनने (रक्तपेशी फोडणाऱ्या विषाने) त्या फुटल्या, तर रीडिंग चढतं आणि आपण म्हणतो मॅक्रोफेज मेले. वरचा द्रव गुलाबी दिसला तर ते रीडिंग सोडून द्या.

मेलेला मासा सॅम्पलसाठी घेऊ नका. मेल्यावर आतडं आणि मूत्रपिंड स्वतःच्याच विकरांनी झपाट्याने विरघळू लागतात, कोमट पाण्यात तर फारच लवकर. ते नेक्रोसिससारखं (इजेने पेशी फुटून मरणं) दिसतं, पण त्याचा संसर्गाशी संबंध असेलच असं नाही. शेवटच्या घटका मोजणारा मासा रीतसर बेशुद्ध करून घ्या आणि ऊतीच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये लगेच टाका.

तापमानाचं थोडक्यात सांगतो. किटच्या कागदावर ३७ अंश लिहिलेलं असतं. ट्राउटच्या पेशी साधारण १८ ते २० अंशांना सुखात असतात, झेब्राफिश २८ च्या आसपास. कागद पाळलात तर जिवाणूआधी इनक्युबेटरच पेशी मारेल.

आता सगळ्यात जास्त गोंधळाची जागा: मरणाचं नाव. आपल्या हातातली किटं, अँटिबॉडी, पाठ केलेल्या आकृत्या बहुतेक उंदीर-माणसावरून आलेल्या. तिथे पायरोप्टोसिस (पेशीपटलाला भोकं पडून पेशी फुगून फुटणं) म्हटलं की गॅस्डर्मिन-डी हे भोकं पाडणारं प्रथिन. अस्थिमत्स्यांत ते प्रथिनच नाही. पेशीपटलाला भोकं पाडायचं काम तिथे गॅस्डर्मिन-ई करतं आणि झेब्राफिशमध्ये त्याचीही दोन रूपं आहेत. म्हणून गॅस्डर्मिन-डीच्या अँटिबॉडीने माशाच्या सॅम्पलमध्ये ठसठशीत बँड (प्रथिन सापडल्याची पट्टी) दिला तर हुरळून जाऊ नका, ती भलत्याच प्रथिनाला चिकटलेली आहे. दुसरा खड्डा कॅस्पेज-३ या प्रथिनं कापणाऱ्या विकराचा. ते वाढलं की ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ (पेशीचं आकसून, न फुटता मरणं) असं लिहून मोकळे होतो, पण गॅस्डर्मिन-ई कापायचं कामही कॅस्पेज-३ करू शकतं. सुरुवात एका वाटेने आणि शेवट दुसऱ्या, असं होतं. पीआय हा पटल शाबूत असलेल्या पेशीत न शिरणारा रंग आत शिरला एवढ्यावरूनही नेक्रोसिस म्हणता येत नाही, तो गॅस्डर्मिनच्या भोकांतूनही शिरतो आणि अ‍ॅपॉप्टोसिसच्या अखेरीलाही. मी तीन गोष्टी एकत्र बघितल्याशिवाय नाव देत नाही: पेशी फुगली की आकसली, गॅस्डर्मिनचा तुकडा पडला का, आणि कॅस्पेज अडवल्यावर मरण थांबलं का. नुसता एमआरएनए वाढला यावरून प्रथिन कापलं गेलं असं ठरत नाही. हे तिन्ही जमलं नाही तर ‘पेशी फुटून मेल्या’ इतकंच लिहावं. त्यात कमीपणा नाही.

एलपीएसबद्दलही (ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातलं द्रव्य) जपून. सस्तन प्राण्यांना धक्का बसेल अशा मात्रा मासे पचवतात. अनेक माशांत टीएलआर-४ हा एलपीएस ओळखणारा ग्राही नाहीच आणि झेब्राफिशमध्ये असला तरी तो एलपीएसला आपल्यासारखी दाद देत नाही. झेब्राफिशमध्ये पेशीच्या आत शिरलेलं एलपीएस ओळखतं ते कॅस्पी-२ हे कॅस्पेज. मग बाहेरून टाकलेल्या साध्या एलपीएसने पेशी खवळल्या तर पहिला संशय त्यातल्या भेसळीवर घ्या. पेप्टिडोग्लायकनचा (जिवाणूच्या भिंतीतल्या द्रव्याचा) अंश पुरतो. अतिशुद्ध प्रत घेऊन प्रयोग पुन्हा करा.

जेंटामायसिन हे प्रतिजैविक वापरून पेशीच्या आतले जिवाणू मोजत असाल तर एक छुपी गोम आहे. हे औषध बाहेरचे जिवाणू मारतं, पण निरोगी पेशीत फारसं शिरत नाही, त्यावरच पद्धत उभी आहे. पायरोप्टोसिसने भोकं पडली की ते आत जातं आणि जिवाणू मारतं. प्लेटवर वसाहती कमी दिसतात, आपण मॅक्रोफेजचं कौतुक करतो, प्रत्यक्षात त्या पेशी मरायला टेकलेल्या असतात. त्याच वेळी त्याच खाचेतलं (वेलमधलं) एलडीएच मोजलं की हे उघडं पडतं.

आणि अर्थ लावताना घाई नको. झेब्राफिशमध्ये मायकोबॅक्टेरियम मॅरिनम या जिवाणूचा संसर्ग असताना टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) कमी पडलं तरी मॅक्रोफेज मरतात आणि फार झालं तरी मरतात, दोन्हीकडे जिवाणूंचं फावतं. फोटोबॅक्टेरियम डॅमसेली या जिवाणूची पिसिसिडा उपजाती तर एआयपी-५६ हे विष सोडून न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि मॅक्रोफेजना अ‍ॅपॉप्टोसिसने मारते. पुस्तकात हे शांत, नीटनेटकं मरण. इथे मात्र मेलेल्यांना उचलायला मॅक्रोफेजच उरत नाहीत, प्रेतं जागीच फुटतात आणि आतली विकरं ऊती जाळत सुटतात. त्या माशाचा सॅम्पल उशिरा घेतलात तर स्लाइडवर नुसतं नेक्रोसिस दिसेल. म्हणून संसर्गानंतर पहिल्या काही तासांतले सॅम्पल चुकवू नका, मग त्यासाठी रात्री जागायला लागलं तरी.