कुंड्या किंवा कप्प्यांचे ट्रे न वापरता मातीच्या ब्लॉकमध्ये रोपं कशी करायची

ब्लॉक म्हणजे ओलं मिश्रण साच्यात दाबून केलेली वडी, बी थेट तिच्यातच लावायचं. सगळा खेळ मिश्रणाचा आहे, साचा नंतर. ३ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), २ भाग चाळलेलं कंपोस्ट, १ भाग बागेतली माती आणि १ भाग परलाईट (हलके पांढरे खनिज दाणे) किंवा जाड वाळू घ्या. कंपोस्ट नीट कुजलेलंच हवं, कच्चं असेल तर कोवळी मुळं जळतात. आता पाणी घाला, आणि इथेच बहुतेक लोक कंजूसपणा करतात, कुंडीत भरायला जेवढी ओली माती लागते त्यापेक्षा हे बरंच ओलं लागतं, मूठ दाबली की बोटांतून थोडं पाणी गळलं पाहिजे, नाहीतर ब्लॉक साच्यातून निघतानाच फुटतो.

साचा विकतचाच हवा असं काही नाही, ५ सेंमी रुंद पाईपचा तुकडा आणि आत सैलसर बसणारा दट्ट्या पुरतो. गच्च दाबून भरा, सपाट ट्रेवर ढकलून काढा. दोन ब्लॉकमध्ये फट ठेवाच, कारण मूळ कडेला येऊन हवेला लागलं की तिथेच थांबतं आणि आत नवे फाटे फुटतात, कुंडीसारखं गोल गोल फिरत बसत नाही.

वर खळगा करून १-२ बिया टाका. टोमॅटो, मिरचीवर पातळ थर द्या, लेट्युसला उजेड लागतो म्हणून उघडंच ठेवा. पाणी वरून ओतू नका हां, ट्रेमध्ये खालून द्या किंवा बारीक स्प्रे मारा. ब्लॉक पूर्ण सुकू द्यायचे नाहीत, एकदा कोरडे पडले की पाणी लवकर शोषत नाहीत. कडेला पांढरी मुळं दिसली की ब्लॉकसकट लावून टाका.