फी सांगताना आवाज खाली नको: घरी गाणं शिकवू पाहणाऱ्यांसाठी

गायनाची विशारद परीक्षा पास झालेल्या, घरीच गाण्याचा क्लास सुरू करू पाहणाऱ्या मुलामुलींचे मला नेहमी फोन येतात. बहुतेक ठाण्यातले, काही कळव्याचे, काही ऐरोली-वाशीकडचे. गळा तयार असतो, रियाज चालू असतो, मुलांना शिकवायची मनापासून आवड असते. आणि तरीही पहिला प्रश्न बहुतेकांचा तोच, तोही दबक्या आवाजात: "ताई, फी किती सांगू? जास्त तर नाही ना वाटणार?"

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, असं माझं अनुभवानं झालेलं मत आहे. जाहिरात, फेसबुकचं पान, बोर्ड हे सगळं नंतरचं. आपण करतोय ते काम आहे, हे आधी स्वतःला पटायला हवं. ते पटलं नसेल तर समोरच्या पालकांना फोनवरच्या दोन वाक्यांत कळतं, आणि मग "बघू, कळवतो" यापुढे गाडी जात नाही.

"विद्या विकायची नसते" हे वाक्य तुम्हाला घरातलंच कुणीतरी ऐकवेल. त्यांचा राग मानू नका, पण पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचं चरित्र एकदा जरूर वाचा. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं ते कुण्या संस्थानिकाच्या दरबारी राहून नाही. तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, लोकांकडून देणग्या घेतल्या. गाणं कागदावर लिहिता यावं म्हणून स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली, इयत्तांप्रमाणे अभ्यासक्रम आखला. गवयाला चारचौघांत मानानं बसता यावं, ही त्यांची तळमळ होती. 1908 मध्ये मुंबईत शाखा निघाली, पण पुढे संस्थेवर कर्ज चढलं आणि मालमत्तेचा लिलाव झाला. एवढ्या मोठ्या माणसाचं कामसुद्धा हिशेबापाशी येऊन अडलं, हे मला फार लागतं. 1931 मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आज ज्या विशारदच्या प्रमाणपत्रावर आपण क्लास उघडतो ते याच मंडळाचं. तेव्हा नीटनेटकी ओळख, ठरलेली फी, वेळेची शिस्त या गोष्टी आपल्या परंपरेबाहेरच्या आहेत असं कुणी म्हणालं, तर ते खरं नाही.

आता फी. शेजारचा क्लास किती घेतो त्यावरून ठरवू नका, आपला वेळ मोजा. नौपाड्यातून कासारवडवलीला जाऊन एका मुलाला पाऊण तास शिकवायचं म्हटलं, तर घोडबंदर रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत जाण्यायेण्यातच दीड-दोन तास जातात. तेवढ्या वेळात घरी दोन बॅच होतात. म्हणून घरी जाऊन शिकवण्याची फी वेगळी, आणि ती दुप्पट असली तरी योग्यच आहे. फी महिन्याच्या सुरुवातीला घ्यायची, महिन्यात किती तास होणार ते आधी सांगायचं, आणि मूल आलं नाही तर काय, आपण आलो नाही तर काय, हे लिहून द्यायचं. मी एका पानाचा मराठी कागद करून ठेवला आहे. प्रवेशाच्या वेळी तो वाचून दाखवते. ज्यांची ऐपत नाही त्यांना जरूर सवलत द्या, मी देते. पण ती आपण होऊन दिलेली असावी, घासाघीस करून काढून घेतलेली नसावी.

फोनवर फी सांगताना रक्कम सांगून थांबायचं. "एवढी आहे, पण तुम्ही काय ते बघा" ही शेपटी जोडू नका.

स्वतःची ओळख लिहिताना सगळ्यात जास्त गडबड होते. "सुप्रसिद्ध गायिका", "संगीत क्षेत्रातील अग्रगण्य नाव" असली विशेषणं पालक वाचतसुद्धा नाहीत. त्यांना कळायला हवं ते असं: मी ख्याल गायन कोणाकडे आणि किती वर्षं शिकले, मंडळाची कोणती परीक्षा दिली, कोणत्या वयाच्या मुलांना शिकवते, कोणत्या वारी, कुठे. शेवटी एक वाक्य आपण काय शिकवत नाही याचं. "फिल्मी गाणी बसवून घेतली जात नाहीत" हे माझ्या पत्रकात आहे आणि त्यानं मुलं कमी झालेली नाहीत, उलट हवी ती आली. गुरूंचं नाव लिहिताना मात्र जपून. दोन दिवसांच्या कार्यशाळेला बसलो म्हणजे आपण त्यांचे शिष्य होत नाही. गाण्याचं जग लहान आहे, आणि ठाणं तर नामवंत गवई पं. राम मराठ्यांचं गाव. इथे श्रोत्यांत जुने जाणते लोक बसलेले असतात. त्यांच्यापर्यंत खोटी ओळख पोचली की नाव खराब होतं.

व्हॉट्सॲपवर क्लासचा वेगळा नंबर आणि तंबोऱ्यासोबतचा एक साधा फोटो पुरतो. मुलांचे व्हिडिओ टाकायचे तर पालकांची परवानगी लेखी घ्या. अर्ध्या मिनिटाचाच टाका, पण पंखा बंद, खिडकी बंद, तंबोरा जुळलेला आणि मूल सुरात असलेला. बेसूर व्हिडिओ कौतुकानं टाकला तर जाणकार पालक तिथेच परत फिरतो.

पहिल्या भेटीचं थोडं सविस्तर सांगते, कारण क्लास खरा वाढतो तो तिथून. आई सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन येते. मुलगी आईच्या ओढणीमागे. आई म्हणते, "गा ना, ती प्रार्थना गा." मुलगी गप्प. अशा वेळी मी तिला गायला सांगत नाही. तंबोरा लावते आणि आईशीच बोलत राहते, शाळा कुठली, घरी कोण गातं. पाच मिनिटांत मुलगी जवळ येते, हात लावून बघते. मग मी नुसता "आ" लावते, तीही लावते. तिचा आवाज माझ्या पट्टीत, म्हणजे पेटीच्या काळी चारला सा धरून, खालच्या षड्जाशी (सा) ओढला जातोय असं दिसलं, की पट्टी चढवून काळी पाचला बघते. तिथे स्वर मोकळा लागला की आईच्या चेहऱ्यावरून कळतं. तेव्हा आईला सांगायचं, "हिची पट्टी ही आहे, आत्ता आपण हीच ठेवू." आपल्या मुलीचा आवाज कुणीतरी नीट ऐकला, हे त्या बाईला दिसलेलं असतं.

त्यानंतर दोन प्रश्न ठरलेले. टीव्हीवरच्या स्पर्धेत जाईल का? परीक्षेला कधी बसवणार? पहिल्याला मी शांतपणे सांगते की त्याची तयारी मी करून घेत नाही. दुसऱ्याला अख्खी शिडी सांगते: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, मग विशारद, पुढे अलंकार. परीक्षा वर्षातून दोनदा होतात. दरवेळी बसवायलाच हवं असं नाही, हेही सांगते. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात म्हणून घाईनं आलेल्यांना नाही म्हणू नका, पण गुणांसाठी भूप आणि दुर्गा हे राग घोकून घेऊ नका. अशी मुलं दहावी झाली की गाणं सोडतात.

सोसायटीत क्लास असेल तर कमिटीला आधी पत्र द्या. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्र धरतात ती 10 ते 6. गाण्याचा त्रास सहसा होत नाही, खालच्या मजल्याला तबला ऐकू जातो. जाड सतरंजी घाला आणि जिन्यातल्या चपला आत घ्या. चपलांवरून झालेली भांडणं मी जास्त पाहिली आहेत.

कागदपत्रांचं थोडक्यात. फी वेगळ्या बँक खात्यात घ्या, पावती द्या, प्राप्तिकराचं विवरणपत्र भरा. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की लागते, तेव्हा सुरुवातीला त्या काळजीत पडू नका. छोट्या व्यवसायांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, दलालाला पैसे देऊ नका.

वार्षिक कार्यक्रमासाठी एकदम गडकरी रंगायतनसारख्या मोठ्या नाट्यगृहाचं स्वप्न नको. वीस मुलं आणि त्यांचे आईबाबा एवढ्यांना गुरुपौर्णिमेला घंटाळीतलं सहयोग मंदिर किंवा सोसायटीचा हॉल पुष्कळ झाला. प्रत्येक मुलाला साथीला खराखुरा तबलजी मिळू दे आणि त्याचं मानधन त्याच दिवशी हातात द्या. तबलजी आपल्याच व्यवसायातला माणूस आहे. त्याचे पैसे लांबवणाऱ्याला स्वतःची फी वेळेवर मागता येत नाही.

आणि आठवड्यातला एक दिवस स्वतःच्या तालमीसाठी राखून ठेवा, तो वेळापत्रकात छापा. माझ्याकडे गुरुवारी क्लास नसतो. मी त्या दिवशी माझ्या गुरुजींकडे जाते आणि हे प्रत्येक पालकाला पहिल्याच दिवशी सांगते. नवीन बॅचसाठी गुरुवार मागणारे येतातच. त्यांना शुक्रवार देते.