कमी खर्चात एअर रायफलचा सराव : आधी छर्रे, मग बंदूक

परदेशातील अनेक नेमबाज रिकाम्या काडतुसांत दारू आणि गोळी घरीच भरून खर्च वाचवतात, हे ऐकून आपल्याकडील हौशींनाही तो मार्ग खुणावतो. परंतु शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यास वेगळा परवाना लागतो. शेतरक्षणासाठी मिळालेल्या बंदुकीच्या परवान्यात ती मुभा येत नाही. म्हणून मराठवाड्यातील नवशिक्याने दहा मीटर एअर रायफलपासून, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या रायफलीने दहा मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर नेम धरण्यापासून, सुरुवात करावी. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नळीचा आतला व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसलेल्या आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. मात्र या दोन्ही बाबी पावतीवर लिहून घ्याव्यात.

स्पर्धेतील दाबहवेच्या आयात रायफली लाखांच्या घरात जातात, तर नळी वाकवून भरायची देशी स्प्रिंग रायफल काही हजारांत मिळते. तिचा चाप ओढताच आतला दट्ट्या धक्का देतो, म्हणून ती घट्ट आवळून न धरता हातावर सैल टेकवावी. छर्रा न भरता ती कधीही झाडू नये, कारण हवेची उशी न मिळाल्याने दट्ट्या थेट आपटतो आणि वॉशर लवकर जातो.

वाचवलेले पैसे छर्ऱ्यांवर खर्च करावेत, असे माझे मत आहे. काडतुसे स्वतः भरणारा ज्या एकसारखेपणासाठी धडपडतो, तो आपल्याला निवडीतून साधता येतो. कागदावर गोल छिद्र पाडणारे सपाट डोक्याचे छर्रे घ्यावेत. दोन-तीन जातींचे छोटे डबे आणून रायफल पोत्यावर टेकवावी, प्रत्येक जातीचे पाच छर्रे दहा मीटरवरून झाडावेत आणि ज्यांच्या छिद्रांचा पुंजका सर्वांत लहान येईल तीच जात पुढे वापरावी, कारण प्रत्येक नळीची आवड निराळी असते. मग छर्रे पांढऱ्या ताटात ओतून मागची कड चेपलेले बाजूला काढावेत. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर थोडे तोलून पाहिल्यास वजनातील तफावतही कळते. स्पर्धेच्या छर्ऱ्याचे वजन साधारण अर्धा ग्रॅम असते. डबा आपटला की कडा चेपतात, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

लक्ष्यामागे छर्रे अडवायला लाकडी खोके पुरते. त्यात जुन्या चिंध्या घट्ट दाबून मागे जाड लोखंडी पत्रा लावावा आणि चिंध्या विरल्या की बदलाव्यात. दगडी भिंतीवर थेट नेम धरू नये, छर्रा उलटा येतो; डोळ्यांवर चष्मा हवाच. वाड्याचे परस किंवा गोठ्यामागची जागा चालते, पण खोक्यापलीकडे माणूस, जनावर वा दार नसावे. पोपट-पारव्यांवर नेम धरण्याची हौस असलेल्यांनी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आधी वाचावा.

लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंच ठेवावा. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली एकाग्रता टिकत नाही, तेव्हा सकाळी लवकर उभे राहावे. छर्ऱ्यात शिसे असते, म्हणून सराव संपताच साबणाने हात धुवावेत. पाच छर्ऱ्यांचा पुंजका रुपयाच्या नाण्याखाली झाकू लागला, की जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन जवळच्या नेमबाजीच्या रेंजची चौकशी करावी.