गाडी एका बाजूला ओढते? अलाइनमेंटला नेण्याआधी हे बघा

कराडजवळ हायवेला माझं गॅरेज आहे. गाडी आत येते, काच खाली होते आणि गिऱ्हाईक सांगतं, "अलाइनमेंट करून द्या, गाडी डावीकडे ओढतेय." अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन मशीनवर मोजून जुळवणं. मी आधी विचारतो, कधी ओढते? सरळ चालताना, ब्रेक मारल्यावर, की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर? निम्मं निदान या उत्तरातच असतं. ते मशीन देत नाही, रोज गाडी चालवणारा देतो. म्हणून अलाइनमेंटचे पैसे मोजण्याआधी एवढं स्वतः करून बघा.

सकाळी रस्ता मोकळा असताना सरळ, सपाट पट्टा बघून ४०-५०च्या वेगाने चला. स्टेअरिंग सोडायचं नाही, पकड फक्त सैल करायची. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, मीटरमागे साधारण दोन-अडीच सेंटिमीटर. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे चांगली गाडीही हळूहळू डावीकडे सरकते. तो दोष नाही. लगेच सरकत असेल किंवा सरळ चालवायला सतत उजवीकडे जोर लावावा लागत असेल, तर मात्र तपासायला हवं. आणि त्याच रस्त्यावर गाडी उजवीकडे ओढत असेल तर शंकाच नको, ती उतार चढून चालली आहे.

आता हवा. गाडी रात्रभर उभी असताना, टायर गार असताना बघायची. किती हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकरवर लिहिलेलं असतं. पुढच्या दोन चाकांत पाच-सहा पॉइंटांचा (पीएसआय) फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला जाते. हवा सारखी करूनही आठवड्यात तेच चाक बसत असेल तर खिळा किंवा वॉल्व्ह बघा. पुढे एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत टायर असेल, किंवा पंक्चरनंतर लावलेली वेगळ्या मापाची स्टेपनी तशीच राहिली असेल, तर दुसरं कारण शोधत बसू नका.

हवा ठीक आहे, तरी ओढते? मग पुढची दोन चाकं आपापसांत बदला. आधी खडूने डावं-उजवं लिहून ठेवा. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल फक्त चाचणीपुरती, कोरड्या रस्त्यावर, हळू. नट समोरासमोरचे आवळा आणि थोडं चालवून पुन्हा आवळा. गाडी आता उलट्या बाजूला ओढू लागली किंवा ओढणं थांबलं, तर दोष टायरमध्ये आहे. वरून धडधाकट दिसणारा टायरही आतल्या तारांमुळे एका बाजूला ओढतो, आणि त्याला कितीही अलाइनमेंट केलं तरी उपयोग नाही. काहीच फरक पडला नाही, तर दोष टायरचा नाही.

ब्रेककडे मी सगळ्यात बारकाईने बघतो, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून येणाऱ्या गाड्यांत पावसाळ्यानंतर अडकलेला ब्रेक हमखास सापडतो. दहा किलोमीटर चालवा, शक्यतो ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या. उतरून दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या. रिमला हात लावू नका, भाजेल. ज्या बाजूला ओढते तिथेच जास्त धग किंवा जळका वास असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. अशी एक गाडी खोलली तेव्हा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ज्या पिनांवर सरकतो, त्यातली खालची पिन हाताने हलेना. रबरी टोपी फाटलेली, आत पाणी गेलेलं, ग्रीस वाळून काळं पीठ झालेलं. आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजला होता आणि बाहेरचा अर्धा शिल्लक होता. दोन पॅडमधला असा फरक दिसला की पिन नाहीतर पिस्टन (ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारा) जाम आहे असं धरून चला. पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं, साधं ग्रीस नाही. त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

कधी पिस्टन, पिना सगळं मोकळं असतं, तरी चाक फिरत नाही. अशा वेळी ब्लीडिंगचा निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायची छोटी तोटी) थोडा सैल केला की चाक सुटतं. म्हणजे ब्रेक ऑइलचा रबरी होज (नळी) आतून बुजलाय: पाय दाबला की ऑइल पुढे जातं, पण मागे येत नाही. होज बदलायचा. हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या, कारण नंतर ब्रेक ऑइलमधली हवा काढावी लागते.

फक्त ब्रेक मारल्यावर ओढत असेल तर हिशेब उलटा. गाडी चांगल्या ब्रेककडे वळते. म्हणजे उजवीकडे गेली तर आधी डावा ब्रेक तपासा. तो धरत नसेल, पॅडला ऑइल लागलं असेल. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदला. पेडल खाली बसत असेल किंवा ओढणं अचानक सुरू झालं असेल, तर घाटात गाडी घालू नका.

अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर थोडं ओढणं इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर असलेल्या गाड्यांत असतंच. नव्याने वाढलं असेल तर लोअर आर्मचे (चाक खालून धरणारा दांडा) रबरी बुश आणि इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यांवर बसतं ते रबर) बघा. आणि वळण घेतल्यावर गाडी त्याच बाजूला धरून राहत असेल, तर शॉकअपवरची (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बेअरिंग जाम असते.

एवढं झाल्यावर अलाइनमेंट. त्याआधी चाकाचे आणि स्टेअरिंगचे सांधे, म्हणजे बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि बुश यांचा खुळखुळा काढलेला हवा, नाहीतर घेतलेलं माप पहिल्या खड्ड्यात बदलतं. मापाचा आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्या. पुढचं टो (वरून बघता चाकांची तोंडं आत की बाहेर) बिघडलं तर टायर खातात, स्टेअरिंग तिरकं बसतं. त्याने गाडी सहसा ओढत नाही. ओढतं ते कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल, वरून बाहेर झुकलं तर पॉझिटिव्ह) आणि कॅस्टर (बाजूने बघता चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कल). कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह त्या बाजूला, कॅस्टर कमी त्या बाजूला. बऱ्याच छोट्या गाड्यांत हे दोन सेट करायची सोयच नसते, फक्त टो फिरतं. म्हणून डाव्या-उजव्या आकड्यांत मोठा फरक दिसला आणि समोरचा "सेट केलं" म्हणाला, तर त्याला विचारा, नक्की काय सेट केलं? खड्ड्यात आपटून लोअर आर्म, शॉकअप किंवा नकल (चाक ज्याला बसतं तो लोखंडी भाग) वाकलं असेल तर ते बदलल्याशिवाय तो आकडा जागेवर येत नाही.